‘आम्ही’, ‘मी’ आणि ‘तू’ : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील संबोधनाचा विचार

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे समीक्षात्मक लेखन झाले आहे, त्याला एक सवय जडलेली दिसते. ही समीक्षा प्रथम शब्द मोजते. ‘वैकुंठ’, ‘सद्गुरू’, ‘माउली’, ‘कैवल्य’ असे परिचित शब्द कोठे कोठे आले आहेत हे ती नोंदवते आणि मग आशय परका, वेष मात्र देशी, असा निर्णय देऊन मोकळी होते. कोणी त्या वेषाचे कौतुक करतो, कोणी त्याविषयी साशंक असतो, एवढाच काय तो फरक. शब्दसंग्रहावर इतका भर दिल्यामुळे व्याकरणाकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. प्रार्थना हा मूलतः बोलण्याचा प्रकार आहे. कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोलत असतो. अशा बोलण्यात बोलणारा स्वतःला काय म्हणतो, ऐकणाऱ्याला काय म्हणतो आणि क्रियापद कोणत्या अर्थी वापरतो, ह्या तीन गोष्टींतून त्या दोघांचे नाते उघड होते. ते नाते पूर्वीपेक्षा जवळचे झाले किंवा नाही, हेही ह्याच तीन गोष्टी सांगतात. प्रार्थनेने देवाशी असलेला संबंध खोल होत जातो, असे ख्रिस्ती साधनेचे सर्व आचार्य सांगत आले आहेत. ह्या ‘खोल होण्या’ची काही खूण भाषेत सापडते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभ प्रभूच्या प्रार्थनेपासून करणे सोयीचे होईल. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. तेथील ग्रीक संहितेत सर्वनामांची एक लक्षणीय हालचाल आहे. ढोंगी लोकांप्रमाणे प्रार्थना करू नका, हे सांगताना अनेकवचन आहे. खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे प्रार्थना कर, हे सांगताना एकाएकी एकवचन येते. व्यर्थ बडबडीविषयीचा इशारा पुन्हा अनेकवचनी आहे, आणि शिकवलेली प्रार्थना तर आरंभापासून अखेरपर्यंत ‘आम्ही’ची आहे. तिच्यात ‘मी’ एकदाही येत नाही. म्हणजे खोली एकट्याची आणि प्रार्थना सर्वांची, अशी ही रचना आहे. आधुनिक इंग्रजीत द्वितीय पुरुषाचे वचन पुसले गेल्यामुळे हा भेद वाचकाच्या नजरेस येत नाही. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हे दोन शब्द शाबूत असल्याने तो आपसूक टिकतो. मात्र ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनीही असल्यामुळे वाचकाने येथे सावध राहावयास हवे.

मराठीचा खरा कस लागतो तो पहिल्याच शब्दापाशी. ग्रीकमध्ये ‘आमचा’ आणि ‘आपला’ असा भेद नाही, मराठीत आहे. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामील करून घेणारा ‘आपण’ हा भेद सामान्यतः द्राविड भाषांच्या संपर्काशी जोडला जातो. त्याचे मूळ काहीही असो, मराठी भाषकाला तो कधीही चुकत नाही. ‘आपल्याला जायचे आहे’ आणि ‘आम्हांला जायचे आहे’ ह्यांत कोण कोणाला बरोबर नेत आहे हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. आता हाच भेद प्रार्थनेला लावून पाहावा. उपासक देवाशी बोलत असेल तर त्याला ‘आमचा पिता’ असेच म्हणावे लागते. ‘आपला पिता’ म्हटल्यास ऐकणारा देवही त्या पित्याच्या लेकरांत गणला जाईल. उलट, उपदेशक मंडळीकडे वळून बोलेल तेव्हा त्याला ‘आपला पिता’ असेच म्हटले पाहिजे. हे दोन शब्द मराठी भाषांतरकारांना व्याकरणाने बहाल केले आणि त्यांबरोबर परीक्षेचे एक साधनही दिले.

ह्या साधनाचा उपयोग कसा होतो हे प्रस्तुत लेखकाने अनेकदा अनुभवले आहे. सार्वजनिक उपासनेत उत्स्फूर्त प्रार्थना चालू असते. आरंभी ‘हे प्रभो, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत’ असे शब्द येतात. काही वेळाने ‘आम्ही’चा ‘आपण’ होतो, ‘तू’ मागे पडून ‘देव’ तृतीय पुरुषी होतो, आणि डोळे मिटलेलेच असले तरी बोलणारा देवाकडून मंडळीकडे वळलेला असतो. प्रार्थनेचे प्रवचन झालेले असते. बोलणाऱ्याला ह्याचे भान नसते; सर्वनामाला असते. अशा वेळी ‘हे प्रभो’ हे संबोधन वारंवार येऊ लागते, परंतु ते आता हाक राहिलेले नसते. दोन वाक्यांमधला श्वास तेवढा त्याने भरून निघतो. मत्तयाने बडबडीसाठी योजलेले ग्रीक क्रियापद फार विरळा आढळते, आणि त्याचा उच्चारच तोतरेपणाची आठवण करून देणारा आहे. ह्या जागी त्याचा अर्थ शब्दकोश न उघडता समजतो.

क्रियापदांचा विचार ह्याहून अधिक फलदायी आहे. ग्रीक संहितेतील पहिल्या तीन मागण्या आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषात आहेत. नाव, राज्य आणि इच्छा हे त्यांतील कर्ते आहेत. त्यानंतरच्या मागण्या द्वितीय पुरुषात, थेट देवाला उद्देशून आहेत : दे, क्षमा कर, सोडव. इंग्रजीत आज्ञार्थाला तृतीय पुरुष नसल्याने तिला जुन्या इच्छार्थक रचनेचा आश्रय घ्यावा लागतो. मराठीला मात्र ‘येवो’, ‘होवो’, ‘जावो’ ही ओकारान्त रूपे आयती उपलब्ध आहेत. मोरो केशव दामले ह्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ह्या ग्रंथात ज्या क्रियारूपांची सविस्तर मीमांसा केली, त्यांत आज्ञार्थाची ही तृतीयपुरुषी रूपे येतात. ग्रीक आणि मराठी ह्या दोन भाषांत इतका नेमका मेळ पडणे हा योगायोगच. परंतु त्याचे फळ मोठे आहे.

कारण आजच्या बोलण्यात ही रूपे कोठे उरली आहेत? आशीर्वादात आणि शापात. ‘तुझे कल्याण होवो’ असे आजी म्हणते, ‘तुझे वाटोळे होवो’ असे भांडणारी शेजारीण म्हणते. दोन्ही ठिकाणी घडवून आणणारा कोण ते सांगितलेले नसते. बोलणाऱ्याच्या हातात ते नाही एवढे मात्र रूपानेच कबूल केलेले असते. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात अशा रूपांची ओळच लागली आहे. परंतु पसायदानात ज्याच्याकडे मागणे आहे तो विश्वात्मक देव तृतीय पुरुषात आहे. त्याला ‘तू’ म्हणून हाक मारलेली नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्रियापदाचे तेच रूप आहे, पण समोर ‘तू’ आहे. म्हणजे ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याला थेट ‘कर’ असे न म्हणता ‘होवो’ म्हटले जाते. ही लाजेने किंवा भयाने राखलेली दूरता नव्हे. कारण पुढच्याच वाक्यात तोच उपासक भाकर माग म्हटल्यावर सरळ ‘दे’ म्हणतो. पोटाच्या गोष्टीत आज्ञार्थाचा द्वितीय पुरुष आणि देवाच्या इच्छेच्या बाबतीत तृतीय पुरुष, असा हा विवेक आहे.

‘भाकर’ शब्दाविषयी जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ह्या ओळीतील जे ग्रीक विशेषण ‘रोजची’ असे भाषांतरित होते, ते ह्या प्रार्थनेबाहेर जवळजवळ आढळत नाही, आणि त्याचा अर्थ आजचा, उद्याचा की जगण्यापुरता ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. संत जेरोमने लॅटिनमध्ये मत्तयाच्या ठिकाणी एक आणि लूकाच्या ठिकाणी दुसरे विशेषण योजले. मराठी भाषांतरकारांनी ‘अन्न’ किंवा ‘पोळी’ न घेता ‘भाकर’ घेतली हे उत्तम केले. पोळी गरिबाच्या घरी सणासुदीची. भाकर हीच मुळी रोजची. विशेषणाचा अर्धा अर्थ नामानेच उचलला आहे.

ओकारान्त रूपाचे खरे गांभीर्य मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रकट होते. गेथशेमाने बागेत येशू दुसऱ्यांदा प्रार्थना करतो तेव्हा देवाच्या इच्छेविषयीचे त्याचे ग्रीक शब्द सहाव्या अध्यायातील शिकवलेल्या प्रार्थनेतील शब्दांशी अक्षरशः जुळतात. बदल होतो तो संबोधनात. तेथे ‘आमच्या पित्या’ होते, येथे ‘माझ्या पित्या’ आहे. अनेकांना शिकवलेले वाक्य संकटाच्या रात्री एकट्याच्या तोंडी परत येते. प्रार्थनेने नाते खोल होते म्हणजे काय, ह्याचे संहितेतच असलेले ह्याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. नवे, अधिक भावपूर्ण किंवा अधिक स्वतःचे असे शब्द येथे सुचत नाहीत. शब्द तेच राहतात. बोलणारा ‘आम्ही’मधून ‘मी’मध्ये येतो आणि क्रियापद मात्र ‘कर’ न होता ‘होवो’च राहते. आविलाच्या संत तेरेझाने (१५१५–१५८२) आपल्या भगिनींसाठी लिहिलेल्या ‘पूर्णत्वाचा मार्ग’ ह्या ग्रंथाचा उत्तरार्ध ह्याच प्रार्थनेच्या विवरणास वाहिला. तोंडाने म्हटलेली प्रार्थना लक्ष देऊन म्हटल्यास तीच ध्यानाच्या उच्च अवस्थेपर्यंत नेऊ शकते, हे तिचे मत ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. शब्दप्रार्थना ही खालची पायरी आणि मौन ही वरची, असे सरधोपट जिने बांधणाऱ्यांनी तिच्याकडे पुन्हा पाहावे.

मार्काने गेथशेमानेच्या प्रसंगी ‘अब्बा’ हा अरामी शब्द राखून ठेवला आहे. अब्बा म्हणजे तान्ह्या मुलाचे बोबडे बोल, असे आपल्याकडील उपदेशांतून आजही सांगितले जाते. योआखिम येरेमियास ह्या जर्मन पंडिताच्या संशोधनाचा हा दूरचा पडसाद होय. जेम्स बार ह्यांनी १९८८ मध्ये ह्या समजुतीचे खंडन केले आणि तो शब्द प्रौढ माणसेही आपल्या वडिलांस उद्देशून वापरीत हे दाखविले. मराठीपुरते पाहता ह्या खंडनाने नुकसान काहीच होत नाही. आपला ‘बाबा’ शब्दही प्रौढपणी सुटत नाही. साठीचा मुलगाही तो वापरतो.

येथून आपण मराठी घराकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा मराठी घरात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ हा नियम होता. देवाला मात्र सर्व मराठी भक्तिपरंपरेने ‘तू’च म्हटले, त्याला ‘राजा’ म्हणतानासुद्धा ‘आपण’ केले नाही. ख्रिस्ती प्रार्थनेत देव हा पिता. तेव्हा त्याला ‘तू’ म्हणताना घरातील व्याकरण आणि देवघरातील व्याकरण एकमेकांशी झगडू लागतात. ह्या झगड्याची जाणीव इंग्रज किंवा अमेरिकन मिशनऱ्यांना होण्याचे कारण नव्हते. त्यांच्या बायबलमधील एकवचनी सर्वनाम बोलण्यातून केव्हाच लोपले होते आणि केवळ प्रार्थनेत उरल्यामुळे त्याला भारदस्तपणा आला होता. त्याच्या जागी ‘तू’ बसविताना रूप जुळले, पण भाव उलटा झाला : त्यांचा शब्द उंचावर नेणारा, आपला जवळ ओढणारा. पोर्तुगीज भाषेतील प्रार्थना देवाला आदरार्थी अनेकवचनाने संबोधते. फ्रेंच कॅथलिकांनी १९६६ मध्ये अनेकवचन सोडून एकवचन स्वीकारले, तेव्हा त्यावर वाद झाला. मराठीत असा वाद कधीच उद्भवला नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. पोर्तुगीज धर्मकारभाराच्या छायेत राहूनही त्यांनी आरंभीच्या नमनात देवाला ‘तूं’ म्हणूनच आळविले आहे. हे नमन पोथीच्या पद्धतीचे, विशेषणांनी गजबजलेले आहे. सामर्थ्य, सत्य, कृपा, करुणा अशा गुणवाचक संबोधनांची त्यात रास आहे. परंतु ह्या राशीत अगदी आरंभी ‘बापा’ हा घरगुती शब्द येतो आणि सर्व संस्कृत संबोधनांच्या गर्दीतून तोच कानात राहतो. ह्याहून अधिक जवळीक ह्या नमनात शोधू नये. नमन ही दारातील प्रार्थना आहे. कवी मोठे कार्य आरंभीत आहे आणि त्यासाठी साहाय्य मागत आहे. बोलण्याचा रोख देवाकडे असला तरी ऐकावयास सारी सभा बसलेली आहे. काही अभ्यासक ह्या नमनातच स्टीफन्सची वैयक्तिक भक्ती शोधतात. हा त्या प्रकारावर अन्याय होय.

वैयक्तिक नात्याची भाषा मराठी ख्रिस्ती काव्यात प्रथम पूर्णपणे अवतरली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या अभंगांत. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ह्या आशयाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, सद्गुरू म्हटले. ह्यावर वेषाची समीक्षा तत्काळ लागू होते : वारकऱ्यांची विठाई त्यांनी ख्रिस्ताला नेसवली.

प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. टिळक ज्या चित्पावन घरातून आले त्या घरात वडिलांना ‘तू’ म्हणण्याची सोय नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) वाचताना ह्या समाजातील संबोधनाची शिस्त पानोपानी दिसते. पत्नी आपल्या पतीचा उल्लेख आडनावाने आणि आदरार्थी अनेकवचनाने करते. अशा संस्कारात वाढलेल्या मनाला ‘पिता’ आणि ‘तू’ ह्यांची सांगड घालणे बुद्धीला पटले तरी जिभेला अवघड जाते. ‘माउली’ हा शब्द ही गाठ सोडवतो. आईला ‘तू’ म्हणण्यात उद्धटपणा नाही आणि प्रयासही नाही. माउली म्हटल्याबरोबर ‘तू’ आपल्या जागी स्वाभाविकपणे येऊन बसतो आणि त्याच्या पाठोपाठ हट्ट, रुसवा, कुशीत शिरणे हे सारे व्याकरण मोकळे होते. म्हणून टिळकांची माउली ही उसनी उपमा नव्हे. ती संबोधनातील अडचणीवरचा उपाय आहे.

ह्या मताला एक मर्यादा घातली पाहिजे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार आणि मांग समाजांतून आली होती. अनेक ग्रामीण, कष्टकरी घरांत ‘बा’लाही ‘तू’च म्हणत. त्या घरांतील उपासकाला ‘हे पित्या, तू’ ह्या शब्दांत कोणताच ताण जाणवला नसेल. टिळकांच्या अभंगातील ‘माउली’ ह्या मंडळींच्या कानी पडली तेव्हा तिने त्यांची तीच गाठ सोडवली असे म्हणता येणार नाही. तिने कदाचित निराळे काही केले असेल. कवीची अडचण आणि गाणाऱ्यांची अडचण एकच होती असे गृहीत धरणे हा आमच्या वाङ्मयेतिहासाचा जुनाच दोष आहे.

अभंगाच्या रूपबंधानेही टिळकांना एक पेच घातला. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. ‘तुका म्हणे’ ह्या दोन शब्दांत ‘मी’ तृतीय पुरुष होतो आणि देवाशी चाललेले बोलणे श्रोत्यांना सांगितलेले बोलणे होऊन जाते. वारकरी कीर्तनात हे योग्यच आहे; तेथे अभंग मुळातच देव आणि मेळा ह्या दोघांपुढे उभा असतो. बंद खोलीतल्या प्रार्थनेला मात्र हे वळण मानवत नाही. टिळकांच्या सर्वच अभंगांनी हा पेच सारख्याच यशाने सोडवला असे नाही. ज्या रचनांत ते ख्रिस्ताविषयी बोलतात त्या घोटीव आहेत, पण त्यांत आपण श्रोते असतो. ज्या रचनांत ते ख्रिस्ताशी बोलतात आणि अखेरपर्यंत मान वळवीत नाहीत, त्या थोड्या आहेत आणि त्याच टिकाऊ आहेत. मंडळीच्या गीतसंग्रहात पहिल्या प्रकाराची गीते अधिक रुळली, हे सामुदायिक गायनाच्या गरजेस धरूनच झाले.

त्याच पिढीत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनी अगदी उलट दिशा धरली. प्रचलित भाषांतरातील ज्या शब्दांना मूर्तिपूजेचा किंवा पुराणांचा वास येतो असे त्यांना वाटले, ते काढून टाकून साध्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांनी आपल्या बायबलात योजिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे बायबल केडगावच्या मुक्तिसदनात छापले जाऊन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये बाहेर आले. टिळक शब्द आत घेतात, रमाबाई शब्द बाहेर काढतात, असा हा विरोध वारंवार मांडला जातो आणि तो खराही आहे. परंतु संबोधनाच्या कसोटीवर दोघे फार दूर नाहीत. १९०५ मध्ये मुक्तिसदनात जे पुनरुज्जीवन झाले, त्यात शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करीत. बाहेरच्या पाहुण्यांना हा गोंगाट वाटला. व्याकरणाच्या दृष्टीने तो एका वेळी उच्चारलेल्या शेकडो ‘मीं’चा समुदाय होता. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या ज्या मुलींना आपल्या घरी ‘मी’ ह्या सर्वनामाने वाक्य आरंभण्याची संधी क्वचितच मिळाली असेल, त्यांना ती येथे मिळाली. माउली हा शब्द वापरला की गाळला, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो.

ह्या दृष्टीने करावयाचे काम पुष्कळ शिल्लक आहे. छापील गीते आणि भाषांतरे हाताशी आहेत; तोंडी प्रार्थना मात्र फारशी कोणी टिपलेली नाही. वसईच्या कॅथलिक समाजात घरची बोली सामवेदी किंवा वाडवळी. मंदिरात द्वितीय व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिन आणि त्यानंतर प्रमाण मराठी. अशा घरातील आजी रात्री झोपण्यापूर्वी देवाशी कोणत्या भाषेत बोलते, लॅटिनमधून पाठ केलेले शब्द संपल्यावर ती स्वतःच्या बोलीत येते काय, आणि आल्यावर ‘आम्ही’ म्हणते की ‘मी’, हे विचारून नव्हे तर ऐकून टिपावे लागेल. नगर, जालना आणि सोलापूर ह्या भागांतील मंडळ्यांचेही असेच नमुने हवेत. ध्वनिमुद्रण करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवावे की यंत्र समोर दिसताच बोलणाऱ्याचा ‘आम्ही’ लगेच ‘आपण’ होतो.